रायलीच्या पोटात काय होतं

"बाई, आणलं," असं म्हणून तिने पळसाच्या पानाचा द्रोण माझ्या टेबलावर ठेवला.

मी डबा खात होते. कळण्याची भाकरी होती, मेथी होती. द्रोणात काय आहे हे वाकून बघायची गरजच नव्हती, वासानेच सांगितलं.

"ए! उचल ते! उचल आधी!" मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेर केसपेपरच्या रांगेत उभी असलेली माणसं दारातून डोकावली.

तिने घाईघाईने द्रोण उचलला. दुसऱ्या हातात, कमरेवर, तिची पोर होती. सव्वा वर्षाची, पण दिसायला पाच महिन्यांची. डोकं मोठं, पाय काडीसारखे आणि पोट तेवढं फुगलेलं. पोरीचं नाव रायली आणि आईचं रेशली बारेला. सातपुड्याच्या कुशीतल्या एका पाड्यावरून चार दिवसांपूर्वी त्या दोघी आमच्या ग्रामीण रुग्णालयात आल्या होत्या. इथे कुपोषित मुलांसाठी सहा खाटांचा एक वॉर्ड होता.

"डाक्टर बोलले, संडास तपासाले द्या," रेशली म्हणाली.

"पानात देतात का? बाटलीत आण."

"बाटली कुठं मिळंल?"

"ते मला काय विचारतेस? जा, बाहेर टाक ते आणि हात धू."

ती गेली. मी डबा बंद केला आणि उरलेली भाकरी कुत्र्याला घातली. दिवसभर माझं डोकं ठणकत होतं.

याला आता बावीस वर्षं झाली. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते आणि त्या दवाखान्याची एकुलती एक लॅब टेक्निशियन होते. लोक मला भंगाळेबाई म्हणत. मला किळस फार लवकर येते, अगदी लहानपणापासून. माझ्या धाकट्या भावाचं नाक वाहत असलं की मी ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायची. तुम्ही म्हणाल, मग असल्या कामात कशाला पडलीस बाई? मी रक्त तपासायला म्हणून हा कोर्स घेतला होता. रक्ताचं मला काही वाटत नाही, ते स्वच्छ असतं. बाकीचं काय काय तपासावं लागतं ते पुस्तकात वाचलं होतं, पण पुस्तकाला वास नसतो.

आणि बाटल्या होत्या. माझ्याच कपाटात होत्या, झाकणाच्या, आत चमचा असलेल्या, पन्नासेक तरी. पण नव्या बाटल्या तीन-तीन महिने यायच्या नाहीत, आणि पाड्यावरच्या बाया बाटली एकदा घेऊन गेल्या की परत देत नाहीत, तेलामिठाला वापरतात, असं माझं ठाम मत होतं. एका बाईने तसं केलं होतं. मी ते सगळ्यांच्या नावावर लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे डॉक्टर सैंदाणे स्वतः लॅबमध्ये आले. माणूस शांत, पण त्या दिवशी चेहरा ओढलेला होता.

"भंगाळे, त्या बारेलांच्या मुलीचा रिपोर्ट?"

"नमुनाच आला नाही सर."

"आज घ्या. तिला दूध लागत नाहीये. पाजलं की अर्ध्या तासात बाहेर. दिवसाला पंधरा-वीस जुलाब. आतड्याला सूज आहे हे मला दिसतंय हो, पण ती कशाने, ते तुम्ही सांगायचं. जंतू सापडला तर औषध आहे. पाच दिवसांत पोर उभी राहील. उगाच आंधळेपणाने औषध ओतावं, तर तिचं लिव्हर आधीच कामातून गेलंय."

"बघते सर," मी म्हणाले.

दहा वाजता रेशली आली. या वेळी हातात स्टीलची वाटी होती, वर थाळी झाकलेली. वाटीच्या कडेवर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं होतं: पोषण वॉर्ड, वाटी ४.

ही मुलांना दूध पाजायची वाटी होती. वॉर्डात अशा आठ वाट्या होत्या.

"बाटली नाय मिळाली," ती म्हणाली. "मंग हिच्यात आणलं. सोच्छ धुतली आधी."

धुतली होती खरंच. बाहेरून नुसती लखलखत होती. नमुना घाण होऊ नये म्हणून बाईने दूध पाजायची वाटी घासून आणली होती, आणि माझ्या अंगावर मात्र काटा आला. मी पदर नाकाला लावला.

"तिथे ठेव. खिडकीत. तिकडे, लांब."

ती गेल्यावर मी दोन तास त्या खिडकीकडे पाठ करून बसले. बाहेरची लोकं येत होती, मी त्यांचं रक्त घेत होते. माशा आल्या. मधे एकदा उठले, काचपट्टी घेतली, काडी घेतली, खिडकीपर्यंत गेले, थाळी जराशी सरकवली. हिरवट, फेसाळ पाणी. त्यात शेंबडासारखं काहीतरी. मी काचपट्टी कोरडीच परत ठेवली, टेबलाशी आले आणि छापील फॉर्मवर 'निरंक' असं लिहिलं. खाली सही केली.

बारा वाजता रेशली वाटी न्यायला आली.

"झालं, बाई?"

"झालं. घेऊन जा."

"काय हाय पोटात?"

"काही नाही," मी म्हणाले.

ती हसली. पहिल्यांदा हसताना पाहिलं मी तिला. काही नाही म्हणजे बरंच, असं तिला वाटलं असणार. तिने वाटी पदराखाली धरली आणि गेली.

दुपारी मला वॉर्डात जावं लागलं. तडव्यांच्या अरमानचं हिमोग्लोबिन बघायचं होतं. दोन वर्षांचा अरमान हा वॉर्डातला हिरो होता. महिन्यापूर्वी मान धरत नव्हता, आता खाटेच्या दांडीला धरून उभा राहून सगळ्यांना हाका मारायचा. आठवड्याभरात घरी सोडायचं ठरलं होतं. मी त्याचं बोट कापसाने पुसत होते, तेवढ्यात कौतिकमावशी दुधाचं पातेलं घेऊन आली. ती वॉर्डची आया, दूध कालवायचं आणि वाटायचं काम तिचं. तिने रॅकवरून वाटी घेतली, दूध ओतलं आणि अरमानच्या आईच्या हातात दिली.

कडेवर ठिपक्यांचा आकडा होता. चार.

"मावशी, वाट्या कशाने धुता?" मी विचारलं.

"नळाच्या पान्यानं, अजून कशानं? पावडर संपली ना पंधरा दिवस झाले. काबरं?"

"काही नाही."

त्या दिवशी हे दोन शब्द माझ्या फार तोंडात आले. अरमानने वाटी दोन्ही हातांनी धरली आणि तोंडाला लावली, दुधाची मिशी आली, तो माझ्याकडे बघून हसला. मी एक शब्द बोलले असते तर वाटी थांबली असती. पण बोलायचं म्हणजे ती वाटी माझ्या खिडकीत का होती ते सांगायचं, बाटली का दिली नाही ते सांगायचं, मग डॉक्टर काचपट्टी दाखवा म्हणणार. मी सुई खुपसली, रक्त घेतलं आणि अरमान रडायला लागल्यावर सुटल्यासारखी बाहेर पडले.

माझा रिपोर्ट वाचून डॉक्टरांनी जे करायचं तेच केलं. जंतू नाही, म्हणजे दूधच बाधतंय, असं धरून रायलीचं दूध तोडलं आणि तांदळाची पेज सुरू केली. पेजही टिकेना. तीन दिवसांनी ते म्हणाले, "पुन्हा एकदा तपासा. एखादे वेळी पहिल्या नमुन्यात सापडत नाही." या वेळी मी शहाणपणा केला, कपाटातून बाटली काढून दिली. बाटली भरून आली. मी बाटली तशीच बंद, कागदात गुंडाळून, जाळायच्या डब्यात टाकली आणि पुन्हा तेच लिहिलं.

पाच किलो दोनशे ग्रॅमची पोर चार किलो सातशेवर आली. डोळे आत गेले. रडायची, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं.

आणि मग कळस झाला. डॉक्टरांनी मुलांच्या सगळ्या आयांना स्वच्छता शिकवायचं ठरवलं आणि ते काम माझ्याकडे दिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हणतात ना, ते मी वॉर्डाच्या मधोमध उभी राहून करून दाखवलं. नखं कापा, साबण लावा, पोराला पाजण्याआधी हात धुवा. माझा आवाज चढत गेला, तसा मला जोरही चढत गेला.

"तुमच्याच हातांनी पोरांच्या पोटात घाण जाते," मी म्हणाले. "दवाखान्याने किती करायचं? तुम्हाला कशाची किळसच नाही!"

बाया खाली मान घालून ऐकत होत्या. रेशली मात्र माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, नुसती बघत होती. तिच्या मांडीवर फडकं होतं, त्या सकाळचं तिसरं की चौथं, आणि ते ओलं झालं होतं.

व्याख्यानाच्या दुसऱ्याच दिवशी अरमानला जुलाब सुरू झाले.

त्याला घरी सोडायचं लांबलं. त्याच्या आईने वॉर्ड डोक्यावर घेतला. "त्या बारेलीनीच्या पोरीचंच लागलं माझ्या लेकाले! तिले बाहेर काढा, नाहीतर मी चालली!" इतर बायाही तिच्या बाजूने झाल्या. शेवटी रेशलीची खाट व्हरांड्यात टाकली. माझ्या लॅबच्या खिडकीतून ती समोरच दिसायची. पोरीला मांडीवर घेऊन बसलेली असायची, मग उठायची, नळावर फडकं धुवायची, दोरीवर टाकायची, दुसरं घ्यायची. कोणी तिच्याशी बोलत नव्हतं. दोष सगळा तिच्या माथी गेला होता आणि तिने तो मुकाट्याने घेतला होता. मी खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलं.

दोन-तीन दिवसांनी सकाळी दवाखान्याच्या दारात गलका ऐकू आला. बाहेर येऊन बघते तर रेशली निघाली होती. तिचा नवरा गाठ्या आला होता, त्याच्या खांद्यावर बोचकं होतं. रायली रेशलीच्या कमरेवर, मान टाकलेली. डॉक्टर सैंदाणे त्यांच्यासमोर उभे राहून अक्षरशः विनवण्या करत होते.

"अगं, अशी नेलीस तर वाटेत जाईल ती. आठ दिवस थांब. चार तरी थांब."

"कायले थांबू?" रेशली म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "पयल्या डावाले तुमी सांगितलं, पोटात काय नाय. मंग परत तपासलं, परत सांगितलं काय नाय. काय नाय, तं पोर मरू कशी राह्यली? तुमाले दिसत नाय ते. आमचा बडवा पाहीन. तो तरी सांगीन, काय हाय."

बाई बरोबर बोलत होती. त्यांचा बडवा, म्हणजे मांत्रिक, खोटं का होईना, काहीतरी नाव तरी घेईल. आम्ही तर काही नाहीच म्हणून दोनदा लेखी दिलं होतं.

डॉक्टरांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "भंगाळे, तुम्ही सांगा हिला. तपासणी तुम्ही केलीय. तुमचं ऐकेल."

गाठ्याने बोचकं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. बाहेर त्यांच्या पाड्याकडे जाणारी जीप उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"मी पाहिलंच नाही," मी म्हणाले.

"काय?"

"दोन्ही वेळा. सर, मी नमुना बघितलाच नाही. तसंच लिहून दिलं."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. एखाद्याच्या पानात केस निघावा आणि तोपर्यंत त्याने अर्धं जेवण संपवलेलं असावं, तसा त्यांचा चेहरा झाला. रेशलीला माझं बोलणं कळलं नव्हतं. तिने गलका ऐकून बाहेर आलेल्या कौतिकमावशीकडे पाहिलं.

"बाईनं पाह्यलंच नाही म्हने," मावशी तिला म्हणाली. "खोटं लिव्हलं."

रेशली माझ्याकडे वळली. "कायले?"

माझ्याकडे कारणं तयार होती. मायक्रोस्कोपचा दिवा गेला होता. औषध संपलं होतं. वीज नव्हती. सगळी ओळीने जिभेवर आली.

"किळस आली," मी म्हणाले. "मला किळस आली म्हणून."

आता ती थुंकेल असं मला वाटलं. थुंकली असती तर बरं झालं असतं. तिने पोरीला वर सरकवलं.

"मले बी येते," ती म्हणाली. "दिवसातून वीस डाव धुते मी. हाताचा वास जात नाय, भाकर घशाखाली उतरत नाय. आई झाली म्हणून काय किळस जाते का, बाई?"

मग तिने जीपकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. आणि रायलीला दोन्ही हातांनी पुढे केलं.

"धर. आता पाहा."

मी धरलं. ती नवऱ्याच्या खांद्यावरचं बोचकं उतरवायला गेली.

पोरीला वजनच नव्हतं. बाजाराची पिशवी जड असते त्याहून. तिने डोळे अर्धवट उघडून माझ्याकडे पाहिलं, पोट आवळलं आणि माझ्या हातावर गरम पाणी सुटलं. कोपरापासून मनगटापर्यंत, बांगड्यांत, साडीच्या निऱ्यांवर. किळस आली. तुम्हाला वाटेल, त्या क्षणी ती नाहीशी झाली असेल, अजिबात नाही. तोंडात आंबट पाणी आलं, डोळ्यांतून पाणी आलं. मी ते गिळलं आणि पोरीला तशीच उचलून लॅबमध्ये धावले. तिला कौतिकमावशीच्या हातात दिलं आणि माझ्या मनगटावरूनच काडीने थेंब उचलून काचेवर घेतला.

नमुना गरम असला की त्यातले जीव जिवंत दिसतात. आधी दिसल्या त्या पू-पेशी, भरभरून. आतडं किती सुजलं आहे त्याचा तो पुरावा. मग काच थोडी सरकवली आणि ते दिसले. थेंबाच्या आकाराचे, दोन डोळे असल्यासारखे, कोलांट्या घेत चाललेले. शोधायला अर्धं मिनिटही लागलं नाही. शिकताना पहिल्या महिन्यात ओळखायला शिकवतात असा हा जंतू, जिआर्डिया, आणि दवाखान्याच्या औषधांच्या खोलीत त्याच्यावरच्या औषधाचे खोके पडलेले होते.

डॉक्टरांनी वाकून बघितलं. तिथूनच नर्सला हाक मारून औषध आणि प्रमाण सांगितलं. मग मी त्यांना वाटीचंही सांगितलं. त्यांनी स्वतः जाऊन आठही वाट्या उकळायला टाकल्या. अरमानच्या पोटातही तेच निघालं. वाटीतून गेलं की नळाच्या पाण्यातून, हे आता कोणी सांगू शकणार नाही. मी ते वाटीतूनच गेलं असं धरून चालते.

औषध सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी रायलीने वाटीभर दूध पोटात ठेवलं. तीन आठवड्यांनी ती पाच किलो नऊशे होऊन घरी गेली.

पण हे सगळं पुढचं. त्या सकाळी रायलीला वॉर्डात नेल्यावर डॉक्टर माझ्या समोरच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "ही वाचेल बहुतेक. हिच्या आधीची मुलं?"

मी रजिस्टर काढून त्यांच्यासमोर ठेवलं. गावातल्या शिक्षकांचे, दुकानदारांचे नमुने बाटलीतून यायचे, ते मी नाक मुठीत धरून का होईना, तपासायची. पाड्यांवरच्या पोरांचे नमुने पानात, फडक्यात, करवंटीत यायचे. गेल्या वर्षभरात त्यातला एकही मी पाहिला नव्हता. एकोणतीस मुलं. वॉर्डातून बरी न होताच परत गेलेली कितीतरी होती आणि आम्ही म्हणायचो, ही माणसं दवाखान्यात टिकतच नाहीत.

"माझ्यावर कारवाई करा," मी म्हणाले.

"ती होईलच," डॉक्टर म्हणाले. "आधी ही नावं उतरवून घ्या आणि यांच्या घरी जा."

पहिल्याच रविवारी मी कौतिकमावशीला घेऊन निघाले. यादीत पहिलं नाव वाहऱ्या पावराच्या मुलीचं होतं. दोन तास चालल्यावर त्याचं घर आलं. तो अंगणात दोर वळत बसला होता. मी सांगितलं, तुमच्या मुलीची तपासणी आमच्याकडून राहून गेली होती, ती करायला आलो आहोत.

त्याने दोर बाजूला ठेवला. आत जाऊन खाट आणली, अंगणात टाकली, आम्हाला बसवलं.

"ती गेली ना, बाई," तो म्हणाला. "होळीच्या आधी."

मावशीने तोंडाला पदर लावला. काय बोलायचं ते दोन तासांच्या वाटेवर घोकून ठेवलं होतं, ते सगळं जिवंत पोरीसाठी होतं. वाहऱ्या थोडा वेळ माझ्या पिशवीकडे, तिच्यातून दिसणाऱ्या बाटल्यांकडे बघत उभा होता. मग त्याला काहीतरी सुचल्यासारखं झालं.

"आता दुसरी हाय," तो म्हणाला. "तिले बी तसंच होऊ राह्यलं. तिले पाहा ना."

आणि तिला आणायला तो घाईघाईने आत गेला.